मागचं डावं चाक

गॅरेजमधला नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. गाडीतून आवाज येत असेल तर कानसेनकडे, गाडीत इशाऱ्याचा दिवा लागला असेल तर साडूकडे.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे. गाणाऱ्यांत तानसेन असतात तसा ऐकणाऱ्यांत हा आमचा कानसेन, असं मालक कधीतरी गमतीत म्हणाले आणि ते नाव त्याला चिकटलं, नखांच्या कडेला ग्रीस चिकटतं तसं. धुऊनही न जाणारं. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर तो नेहमी खिशात ठेवी. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मग गाडीच्या पोटातलं सगळं त्याला ऐकू येई. कुठला वॉल्व्ह उशिरा मिटतोय, कुठला पट्टा ढिला पडलाय, कुठल्या बेअरिंगमधली गोळी झिजून आपल्याशीच बडबडतेय. सव्वीस वर्षं त्याने असं ऐकण्यात घालवली होती. घरी मात्र बायको म्हणे, "गाड्यांचं सगळं ऐकू येतं. माझं एक ऐकू येत नाही."

साडूला गॅरेजमध्ये आणला तो त्यानेच. आठ वर्षांपूर्वी बायको म्हणाली होती, "धाकटीच्या नवऱ्याचं काम सुटलंय. तुमच्या मालकांना एक शब्द टाका ना." त्याने शब्द टाकला. पहिल्या दिवशी ओळख करून देताना तो सगळ्यांना म्हणाला, "हे आमचे साडू." तेव्हापासून तो माणूस सगळ्यांचाच साडू झाला. मालक त्याला साडू म्हणत, गिऱ्हाइकं साडू म्हणत, सुटे भाग आणून देणारा टेंपोवालाही दारातून हाक मारी, "साडू आहेत का?" साऱ्या जगाशी नातं जोडून बसलेला माणूस. आणि ज्याच्यामुळे हे नातं होतं तो बाजूला उभा.

साडू वयाने नऊ वर्षांनी लहान. तो कानसेनला दादा म्हणे. कानसेन त्याला अहो-जाहो करी. बघणाऱ्याला वाटे, काय मान देतो साडूला. पण ते अहो म्हणजे कुंपण होतं. अरे म्हटलं की माणूस आत येतो.

पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. साडूकडे दिवे, हॉर्न, काचेवरचे वायपर, असली किरकोळ कामं होती. मग गाड्या बदलल्या. दरवर्षी त्यांच्यातला आवाज कमी होत गेला आणि दिवे वाढत गेले. इंजिनांवर प्लॅस्टिकची झाकणं आली. कानसेनने स्क्रू-ड्रायव्हर टेकवावा तर टेकवायला उघडं लोखंडच सापडेना. गाड्या मुक्या होत गेल्या, आणि मुक्यांची भाषा साडूला येत होती. त्याच्याकडे स्कॅनर होता. पाटीएवढा पडदा, त्याची एक वायर स्टिअरिंगच्या खाली जोडली की पडद्यावर अक्षरं आणि आकडे उमटत. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण कानसेनने लहानपणापासून ऐकली होती. पण ती आपल्याच कानाबद्दल आहे, हे त्याला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आणि आता किल्ल्यांचा प्रश्न आला होता.

मालकांचे गुडघे गेले होते. पहिल्या तारखेपासून ते आठवड्यातून दोनदाच येणार होते. सात किल्ल्यांचा तो जुडगा कुणाकडे तरी जाणार होता. शटरची, ऑफिसची, स्टोअरची, कसल्या कसल्या. "पहिल्या तारखेला सांगतो," एवढंच मालक म्हणाले होते. सव्वीस वर्षं कानसेन रोज सकाळी येऊन शटर वर जाताना ऐकत आला होता. तिसऱ्या पट्टीशी ते अडखळायचं, मालक एक शिवी द्यायचे, मग ते सुटायचं. एकदा तरी ते अडखळणं आपल्या हाताखाली व्हावं, असं त्याला वाटे. माणसाला काय हवं असतं हे सांगायला गेलं की ते किती लहान दिसतं. म्हणून त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या तारखेला सहा दिवस उरले असताना, मंगळवारी, नर्सबाईंची गाडी आली.

नर्सबाई निवृत्त झाल्या होत्या, पण चालताना अजून वॉर्डात चालल्यासारख्या चालत. चौदा वर्षं त्यांची गाडी कानसेनशिवाय कुणी हातात घेतली नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी त्या आल्या तेव्हा मागून घुंऽऽ असा आवाज येत होता. कानसेनने गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली आणि दार उघडायच्या आधीच सांगितलं, "मागचं डावं. बेअरिंग." त्याच संध्याकाळी त्याने ते बदललं. पुन्हा टोकापर्यंत जाऊन आला, डोळे जवळजवळ मिटून. आवाज नव्हता. त्याच्या लेखी काम संपलं होतं.

"आवाज गेला हो," नर्सबाई आता म्हणाल्या. "पण दुसऱ्याच दिवशी हा पिवळा दिवा लागला. मी बहिणीकडे गेले होते, गाडी दहा-बारा दिवस उभीच होती. काल काढली तर वेगाचा काटाच मधेमधे झोपतो. मी चाललेय आणि तो म्हणतो तुम्ही उभ्या आहात."

कानसेन खिडकीतून वाकला होता. दिवा हा शब्द ऐकून त्याने हात मागे घेतला.

"दिव्याचं साडू बघतील."

"तुम्ही नाही बघणार?"

हे ऐकून त्याला बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं, कारण उत्तर 'नाही' असं होतं.

साडू हात पुसत आला. त्याचं फडकं नेहमी स्वच्छ असे, हेही कानसेनच्या डोळ्यांत खुपे. मेकॅनिकचं फडकं कसं स्वच्छ राहतं? साडूने स्कॅनर जोडला, पडदा बाईंकडे वळवला.

"वेगाची माहिती विश्वासार्ह नाही, असं म्हणतेय."

"कोण म्हणतंय?"

"गाडी. म्हणजे असं बघा, चार चाकं हे चार साक्षीदार. तीन म्हणतायत गाडी चाललीय. एक म्हणतोय, छे, जागची हललीच नाही. आता गाडीने कुणाचं खरं मानायचं? मग ती सगळी साक्षच फेटाळून लावते."

"अगं बाई, कोर्टातच नेलंत की तिला," नर्सबाई म्हणाल्या आणि हसल्या.

चौदा वर्षांत त्या कानसेनसमोर कधी हसल्या नव्हत्या. आभार मानत, मान डोलवत, पण हसत नसत. तो उगाच एक पाना उचलून दुसरीकडे ठेवू लागला. चार साक्षीदार. हे आपल्याला सुचलं असतं का? नसतं. 

बाई रिक्षाने घरी गेल्या. साडू म्हणाला, "दादा, तुम्ही चालवता का? मी आकडे बघतो."

दोघं निघाले. कानसेन रस्ता बघत होता, साडू मांडीवरचा पडदा. गाडी शांत चालली होती. टायरखाली बारीक खडी वाजत होती तेवढीच.

"तीस, तीस, तीस," साडू म्हणाला. "मागचं डावं शून्य."

कानसेनने गिअर बदलला.

"या चाकाचं काही काम झालं होतं का अलीकडे?"

"बेअरिंग बदललं मी. आवाज गेला ना त्याचा."

"हो, आवाज तर अजिबात नाही," साडू म्हणाला. मग तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एका भिंतीवर रंगवाला शिडीवर चढून पांढऱ्यावर पांढरंच मारत होता.

बुधवारी साडूने त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला. दिवा गेला नाही. गुरुवारी त्याने मागची सीट काढली, गालिचा उचलला आणि सेन्सरपासून निघणारी वायर इंचाइंचाने तपासली. त्याचा अर्धा देह गाडीत आणि अर्धा बाहेर होता. कानसेन आपल्या टेबलाशी एका जुन्या गिअरबॉक्सला चिकटलेली घाण खरवडत होता आणि शीळ घालत होता. त्याला शीळ घालता येते हे गॅरेजमध्ये कुणाला माहीत नव्हतं. त्याला स्वतःलाही फारसं नव्हतं.

"काय साडूभाऊ, साक्षीदार फुटला का?" त्याने विचारलं.

"नाही ना, दादा. तोंडच उघडत नाही." साडूचा आवाज सीटखालून आला.

"मग मॉड्यूल गेलं असेल."

"असेल. बघू."

मॉड्यूल हा शब्द कानसेनने आयुष्यात तिसऱ्यांदा उच्चारला होता. पण त्या दिवशी तो त्याला गोड लागला. मॉड्यूल म्हणजे सेन्सरचं ऐकून घेणारा डबा, तो बाहेरून मागवायचा, आठ दिवस थांबायचं, बाईंना फोन करून तोंड वाकडं करायचं. पहिली तारीख मधेच येऊन जाणार होती.

त्या संध्याकाळी तो दोन घास जास्त जेवला. बायकोने वाढता वाढता बघितलं.

"आज काय विशेष?"

"काही नाही. तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला तीन दिवसांत एक दिवा विझवता येत नाहीये."

"मग त्यात आनंद कसला?"

"आनंद कुठे? सांगतोय फक्त."

"सांगताना मान हलत होती तुमची," बायको म्हणाली.

मुलगी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "काकांनी मला काल फोनवर समजावलं ना ते. आमचं चुंबकाचं प्रकरण चाललंय. ते म्हणाले, नव्या बेअरिंगांत एका बाजूला चुंबकाचं कडं असतं. दिसायला रबर, पण चुंबक. ते फिरलं की सेन्सरला एकेक टोक कळतं, मग मोजता येतं चाक किती फिरलं."

"तू मला का नाही विचारलंस?"

"चुंबकाचं?" मुलीने विचारलं. तिच्या विचारण्यात काही नव्हतं. ती खरंच विचारत होती. पण तो ताटावरून उठला तेव्हा मगाचे दोन जास्तीचे घास त्याच्या छातीशी अडकले होते.

शुक्रवारी दुसऱ्या एका गाडीसाठी तसलंच नवं बेअरिंग आलं. कानसेनने खोकं फाडलं, नेहमीप्रमाणे न वाचता, आणि बेअरिंग ग्राइंडरशेजारी ठेवलं. मघाशीच तिथे कुणीतरी लोखंड घासलं होतं. टेबलावर काळा कीस पसरला होता. त्याने बेअरिंग उचललं आणि तो थांबला.

एका बाजूच्या रबरी कडेवर कीस उभा राहिला होता. नुसता चिकटलेला नव्हे, उभा. बारीक दातांच्या कंगव्यासारखा, सगळीकडे सारख्या अंतराने, गोल. त्याने बेअरिंग उलटवलं. दुसरी बाजू कोरडी होती. दोन्ही बाजू रंगाने, आकाराने, हाताला अगदी एकसारख्या. एक मुकी आणि एक बोलणारी.

त्याने अंगठ्याने कीस पुसला. तो सरकला आणि पुन्हा उभा राहिला.

फाडलेलं खोकं त्याने जमिनीवरून उचललं. त्यावर बेअरिंगचं छोटं चित्र होतं, एका बाजूला बाण आणि बाणाखाली सेन्सरची खूण. ही बाजू आत. दोन आठवड्यांपूर्वीच्या खोक्यावरही तो बाण असणार. सव्वीस वर्षांत बसवलेल्या बेअरिंगांना बाजू नव्हती. कुठूनही घाला, ते आपलं काम करी. नर्सबाईंच्या गाडीच्या त्या संध्याकाळी त्याने बेअरिंग हातात फिरवून फिरवून ऐकलं होतं, गोळ्या नीट वाजतायत ना म्हणून. मग जी बाजू वर आली तीच त्याने बेअरिंग दाबून बसवायच्या प्रेसखाली धरली. चुंबक बाहेरच्या अंगाला गेला. आत सेन्सर मुक्या रबराकडे बघत बसला. चाक फिरत होतं आणि सेन्सर शपथेवर सांगत होता, गाडी उभी आहे.

आणि तो स्वतः? परत आणताना त्याने वेगाच्या काट्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. ऐकताना त्याला बघायची सवय नव्हती.

साडूने स्कॅनर टेबलावर ठेवला होता आणि तो चहा घेत होता. कानसेन चार पावलं त्याच्याकडे गेला आणि मग पाण्याच्या नळाकडे वळला. हात धुतले. हात धुताना त्याने ठरवलं. आपल्याला काही माहीत नाही. मागवू दे मॉड्यूल. बसवू दे. दिवा तसाच राहू दे. पहिली तारीख सोमवारी. त्यानंतर एखाद्या दिवशी आपण सहज म्हणू, जरा चाक उघडून बघू का? कानसेनने कानांवर हात ठेवले, आणि त्या क्षणी ते त्याला फार सोपं वाटलं.

दुपारी तो स्टोअरची किल्ली परत द्यायला ऑफिसकडे गेला. ऑफिस म्हणजे प्लायवूडची कंबरेपर्यंतची भिंत आणि वर काच. काच धुळकटलेली होती, तिच्यातून दिसत नसे. पण ऐकू येई, निदान त्याला तरी.

"बेअरिंगच खराब निघालं," साडूचा आवाज. "आतलं चुंबकाचं कडं मेलेलं असणार. होतं असं कधी कधी. परवा रविवारी बंद असताना मी येऊन बदलून टाकतो. उद्या बाई विचारायला येतील, त्यांना सांगू, कंपनीकडून माल तसा आला."

"मग तीन दिवस सेन्सर, सीट काढून काय करत होतास?" मालकांनी विचारलं.

"खात्री करत होतो."

"तुला खात्री करायला तीन दिवस लागतात?"

 खुर्ची करकरली.

"कानसेनला सांगितलंस?"

"नका सांगू त्यांना. वाटलं होतं, त्यांच्याच लक्षात येईल, ते स्वतःच उघडून बघतील. नाही आलं. जाऊ दे. सव्वीस वर्षांचा हात आहे त्यांचा. उगाच बट्टा कशाला?"

"साडू, मी तुझ्याहून जास्त बेअरिंगं बघितलीत. मेलेलं की उलटं?"

"मेलेलं," साडू म्हणाला.

कानसेनने आयुष्यभर लोखंडातलं खोटं ऐकलं होतं. त्या एका शब्दात तशीच बारीक खरखर होती.

तो किल्ली न देताच मागे फिरला. म्हणजे साडूला मंगळवारीच कळलं होतं. खिडकीबाहेर बघत होता तेव्हाच. सेन्सर, वायर, सीट, गालिचा, सगळं नाटक. आपण शीळ घालत होतो तेव्हा तो सीटखाली आडवा पडून आपली वाट बघत होता. मुलीला चुंबकाचं सांगितलं, तेही तिच्या अभ्यासासाठी की आपल्या कानावर पडावं म्हणून? ताकास तूर लागू दिली नाही.

हरणं त्याला समजलं असतं. साडूने सगळ्यांसमोर चाक उघडून दाखवलं असतं, कुणीतरी हसलं असतं, तर त्याला मनसोक्त जळता आलं असतं. पण हे असं झाकून घेणं. आजाऱ्यावर पांघरूण घालतात तसं. आता हे आयुष्यभर राहणार. धाकटीला कळेल, ती ताईला सांगेल. दोन्ही घरं एकत्र जेवायला बसतील आणि कुणी एक अक्षर काढणार नाही. ते न काढलेलं अक्षर दर वेळी त्याच्या शेजारी पाट मांडून बसेल. साडूची अक्कल आपल्यापेक्षा जास्त, हे त्याने मनातल्या मनात कधीच मान्य केलं होतं. पण मनही मोठं? एका माणसाकडे सगळंच कसं असतं? थोडं तरी दुसऱ्यासाठी ठेवावं.

शनिवारी दहा वाजता नर्सबाई आल्या. मालक काठी टेकत बाहेर आले. साडू स्वच्छ फडक्याने हात पुसत पुढे झाला.

"बाई, त्याचं असं झालं, ते बेअरिंग कंपनीकडूनच जरा..."

"उलटं बसवलंय," कानसेन म्हणाला. "मी."

साडूचे हात फडक्यात थांबले.

कानसेन टेबलाशी गेला. ते दुसरं बेअरिंग त्याने किसात बुडवून आणलं आणि बाईंसमोर धरलं. "ही बाजू आत पाहिजे. ही चुंबकाची. मी ती बाहेर ठेवली. खोक्यावर चित्र असतं. मी खोकं वाचत नाही. कंपनीचा माल चांगला होता." आणि मग साडूकडे न बघता, "यांना मंगळवारीच कळलं होतं. हे मला झाकत होते."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण खरं म्हणजे त्या वाक्यासाठीच त्याने तोंड उघडलं होतं.

नर्सबाई बेअरिंगवरच्या कंगव्याकडे बघत राहिल्या. त्या रागावतील असं त्याला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमच्याकडे एकदा एक्स-रेची फिल्म उलटी लावली होती," त्या म्हणाल्या. "उजव्याच्या जागी डावा पाय दिसत होता. डॉक्टर प्लॅस्टरची तयारी करून उभे. पेशंटच ओरडला, अहो दुखतोय तो हा पाय." त्यांनी बेअरिंग परत दिलं. "फिल्म मीच लावली होती. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मग, कधी देताय गाडी?"

"दुपारी," साडू आणि कानसेन एकदमच म्हणाले.

कानसेनने आता साडूकडे बघितलं. त्याला त्या चेहऱ्यावर काहीतरी गेलेलं बघायचं होतं. मोठेपणाची संधी हिसकावली गेल्याचं. पण साडूच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं दिसत होतं, बस. तो प्रेसकडे गेला, खालची पट्टी काढून ठेवली, दादांना बेअरिंग दाबायला लागेल तो लोखंडी कप शोधून टेबलावर ठेवला.  दोघांनी मिळून चाक उतरवलं, हब काढला, उलटं बेअरिंग दाबून बाहेर काढलं. नवं बसवताना कानसेनने ते तीन वेळा फिरवून बघितलं. बाण, कीस, पुन्हा बाण. मग प्रेसचा दांडा ओढला.

रस्त्यावर गाडी त्यानेच चालवली. या वेळी त्याने काट्याकडे बघितलं.

"तीस, तीस, तीस, तीस," साडू म्हणाला. "साक्षीदारांचं एकमत."

कानसेनला हसू आलं. त्याने ते ओठांतच दाबलं, कारण विनोद साडूचा होता.

सोमवारी मालकांनी त्याला एकट्याला ऑफिसात बोलावलं. जुडगा टेबलावर होता. त्यांनी तो त्याच्याकडे सरकवला नाही, म्हणजे कळलंच.

"चारचौघांत बोललास, बरं केलंस," मालक म्हणाले. "पण इथून पुढे खोकं वाचणारा माणूस लागणार रे."

"आणि खोटं बोलणारा?" कानसेनच्या तोंडून गेलं.

मालकांनी उलट विचारलं, "कुणासाठी बोलला?"

 बाहेर आल्यावर दोघं-तिघं त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. मोठा माणूस, म्हणाले. चूक कबूल करायला छाती लागते, म्हणाले. त्याने मान हलवली. त्या शनिवारी छातीत काय होतं ते त्याला ठाऊक होतं. त्याला प्रामाणिकपणा म्हणत असतील तर म्हणोत.

"तुम्हाला वाईट वाटलं का हो?" रात्रीची भांडी आवरताना बायकोने विचारलं.

"कशाचं?"

"काही नाही," ती म्हणाली. "धाकटीचा फोन आला होता. तिने काही सांगितलं नाही. म्हणून विचारलं."

तेव्हापासून तो रोज दहा मिनिटं लवकर निघू लागला. किल्ली साडूकडे होती, पण साडूच्या आधी पोचणं त्याच्या हातात होतं. बंद शटरला पाठ लावून तो उभा राहायचा. साडू स्कूटरवरून यायचा, ओशाळून म्हणायचा, "दादा, आजही आधी?" आणि वाकून कुलूप काढायचा. शटर तिसऱ्या पट्टीशी अडखळायचं. साडू शिवी देत नसे. त्याने एक दिवस तिथे तेल सोडलं आणि ते अडखळणंही गेलं. आता शटर मुक्याने वर जाई. कानसेनने तेही साडूच्या खात्यावर चढवलं.

त्याच सुमाराला त्याला ते पहिल्यांदा ऐकू आलं. साडूची स्कूटर कोपऱ्यावर वळताना पुढच्या चाकातून बारीक, दबका आवाज येत होता. घुंऽऽ. दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. साडूला तर नाहीच. त्या स्कूटरला स्कॅनर जोडायला जागा नव्हती आणि तिच्यात कसला दिवाही नव्हता.

नऊ दिवस तो आवाज त्याने स्वतःकडे ठेवला. साडूकडे नसलेलं असं काहीतरी आपल्याजवळ आहे, हे त्याला पुरत होतं. रोज सकाळी शटरला टेकून तो कान देई, कोपऱ्यावरून घुंऽऽ यायचं, आणि त्याचा दिवस जरा बरा सुरू व्हायचा. पाचव्या दिवशी आवाज वाढला. सातव्या दिवशी त्यात खरखर आली. आठव्या दिवशी स्कूटरवर मागे धाकटी बसली होती, तिला पुढच्या चौकात सोडायचं होतं. कानसेनकडे बघून तिने हात हलवला, आणि ती निघून जाईपर्यंत त्याला फक्त ते चाक ऐकू येत राहिलं. त्या दिवशी दुपारी त्याने एका गाडीच्या इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तिथेही तोच आवाज.

नवव्या दिवशी साडू आला, ओशाळला, कुलूप काढायला वाकला.

"पुढचं चाक गातंय तुझं," कानसेन म्हणाला.

साडूने वाकल्या वाकल्या वर बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा ते तुझं होतं. दोघांनाही ते ऐकू गेलं आणि दोघांनीही ऐकलं नाही असं केलं.

"गातंय? मला तर काही..."

"तुला नाही येणार ऐकू. संध्याकाळी थांब. मी बदलतो."

"बरं, दादा."

शटर मुक्याने वर गेलं. संध्याकाळी कानसेनने खोकं फाडायच्या आधी सगळ्या बाजूंनी वाचून काढलं. मग बेअरिंग किसात बुडवलं. एक कणही उभा राहिला नाही, ना या बाजूला, ना त्या. स्कूटरच्या बेअरिंगला दोन्ही बाजू सारख्याच असतात. साडू शेजारी फडकं घेऊन उभा होता. कानसेनने हात पुढे केला आणि ते स्वच्छ फडकं मागून घेतलं, आणि त्याला आपली दहाही बोटं सावकाश, नीट पुसली.